गाडी उभी करावयाची कोठे?

आश्विन उतरणीला लागला, सोयाबीनच्या गंज्या शिवारात दिसू लागल्या, की मंगरूळपीरला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवर नेहमीच्या एस.टी. गाड्या आणि मालमोटारींखेरीज आणखी काही वाहने दिसू लागतात. पंजाबातून मजल दरमजल करीत आलेली कापणीची हार्वेस्टर यंत्रे असतात आणि त्यांच्यासोबत गाद्यांच्या वळकट्या, गॅसची शेगडी, पिठाचे डबे घेऊन आलेली चार-सहा माणसे असतात. एखाद्या जुनाट टेम्पोत ताडपत्रीखाली ऐरण, भाता, दोन शेळ्या आणि तीन मुले घेऊन घिसाड्याचे कुटुंब विळ्या-खुरप्यांना पाणी देण्यासाठी येते. नाथजोगी येतात, बहुरूपी येतात, वैदू येतात. पूर्वी ही मंडळी गाढवांवर, घोड्यांवर, बैलगाडीत बिऱ्हाड घालून येत. आता कर्ज काढून घेतलेल्या लहान चारचाकीतून येतात, एवढाच फरक. दिवसा या वाहनांची कोणास अडचण नसते. अडचण सुरू होते ती दिवेलागणीला, आणि ती एका साध्या प्रश्नाच्या रूपाने: गाडी उभी करावयाची कोठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. ज्याच्या दाराला कडी आहे त्याला तो क्षुल्लक वाटणारच. आपल्यापैकी शिक्षक आणि कारकून मंडळी दररोज डझनभर कागदांवर ‘मु. पो. मंगरूळपीर, जि. वाशीम’ असे लिहितात. त्यातील ‘मु.’ म्हणजे मुक्काम, याचे भान ते अक्षर लिहिताना कोणाला राहत नाही. ज्याचा मुक्काम दर आठवड्याला बदलतो आणि ज्याला तो कोठे करू द्यावयाचा हे दुसरेच कोणी ठरविते, त्याला मात्र या एका अक्षराचा अर्थ नेमका ठाऊक असतो. कागदावर ते अक्षर भरता येत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणून पुन्हा गाडीत बसून पुढचे गाव.

वाहनाला रात्रीपुरती जागा देणे आपल्या गावांना ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. एस.टी.ची मुक्कामी गाडी ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगण्याची गरज नाही. शेवटच्या फेरीची ही गाडी रात्री गावात येऊन पारापाशी किंवा शाळेसमोर थांबते. चालक आणि वाहक त्याच गाडीत बाकांवर किंवा टपावर झोपतात आणि पहाटे विद्यार्थी व बाजारकरू घेऊन निघतात. या गाडीला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. कोणी तरी तांब्याभर पाणी आणून देते, कोणाच्या घरून भाकरी येते. (चालक-वाहकांना गावात साधे शौचालय मिळत नाही आणि डास रात्रभर झोपू देत नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे, पण निदान ‘येथून चालते व्हा’ असे त्यांना कोणी म्हणत नाही.) हार्वेस्टरवाल्यांचेही तसेच. ज्याचे शेत कापावयाचे तो शेतकरी खळ्यात जागा देतो, पेट्रोल पंपाचा मालक आडोसा देतो. ते परप्रांतीय आहेत, त्यांची भाषा निराळी आहे, त्यांचे कागद कोणी पाहिलेले नसतात. तरीही त्यांची झोप निर्वेध असते. घिसाड्याचा टेम्पो मात्र त्याच पंपावरून हाकलला जातो. म्हणजे अडचण वाहनात झोपण्याची नाही. कोण झोपतो आहे, ही अडचण आहे.

हे असे का झाले, याचा शोध घ्यावयास लागले की आपण १८७१ सालापर्यंत मागे जातो. त्या साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. संबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा तो अजब कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ साली त्याची व्याप्ती साऱ्या देशाला भिडली. नोंदविलेल्या जमातीच्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय हलावयाचे नाही, हलला तर मुक्कामाची खबर द्यावयाची. काहींना तर तारेच्या कुंपणात डांबले गेले. सोलापूरच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘सेटलमेंट’ हा शब्द अजून येतो तो यामुळे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द जन्माला आला. कायदा गेला, पण त्याने शिकविलेली नजर गेली नाही. मुंबई पोलीस कायदा १९५१ सालचा, म्हणजे स्वतंत्र भारतातला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचे १२२ वे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर वा अन्य जागी पडून राहणाऱ्या, चोर म्हणून लौकिक असलेल्या आणि स्वतःविषयी समाधानकारक खुलासा न देऊ शकणाऱ्या माणसाला शिक्षापात्र ठरविते. कलमात जमातीचे नाव कोठेही नाही. परंतु ज्यांचा ‘लौकिक’ सरकारनेच ऐंशी वर्षे छापून ठेवला होता, त्यांनी रात्री रस्त्याकडेला पडून समाधानकारक खुलासा कसा द्यावयाचा? त्यात १९५९ सालचा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहेच. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणे किंवा राहणे हेही त्याच्या व्याख्येत भीक मागण्यासारखे धरता येते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्या शहरापुरती या कायद्यातील बरीचशी कलमे घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्रात, जेथे हा कायदा जन्मला, तेथे तो अद्याप पुस्तकात आहे.

आणि कायद्याचे पुस्तक न वाचणारा जमावही असतो. १ जुलै २०१८ चा दिवस महाराष्ट्राने विसरता कामा नये. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष, बहुतेक मंगळवेढा भागातले, भिक्षा मागण्यासाठी तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी वदंता त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. तेवढी पुरली. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मरेपर्यंत मारले. ज्या इमारतीत परगावच्या माणसाने आपले नाव नोंदवावे, आसरा मागावा, तीच इमारत वधस्थान व्हावी, याहून गावगाड्याची दुसरी शोकांतिका कोणती? पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे मोटारीतून जाणारे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच संशयाला बळी पडले. दोन्ही प्रसंगांवर पुढे जे राजकारण झाले ते बाजूला ठेवू. दोन्हींत समान असलेली गोष्ट अशी की, अनोळखी प्रवाशाची शहानिशा करण्याची कोणतीही सर्वमान्य जागा आणि रीत गावापाशी नव्हती. संशय आला तर विचारावयाचे कोणाला आणि खात्री करावयाची कशी, हेच ठाऊक नसले की जमाव आपली रीत बनवितो.

पूर्वी ती रीत होती काय? अंशतः होती. पूर्वीचे सारे गोड मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गावकुसाबाहेर कोणाला ठेवावयाचे हेही तीच रीत ठरवीत होती. परंतु पूर्वी सराया होत्या, धर्मशाळा होत्या, गाडीतळ होते. पुण्याजवळच्या हडपसरला ‘गाडीतळ’ हे नाव आजही बसच्या पाटीवर असते. तेथे गाड्या सोडून रात्र काढणारे मात्र गेले. आपल्या मंगरूळपीराच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे या गावाला बाहेरगावच्या पावलांची सवय आहे, आणि कलंदर म्हणजे तरी कोण? घरदार नसलेला फिरस्ता फकीर. शेजारच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. वाशीम जिल्ह्याच्या या पट्ट्यात जे तांडे आज गावे म्हणून नांदत आहेत, ते मुळात थांबलेले प्रवास आहेत. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून लमाण मुलखामागून मुलूख तुडवीत, रात्री गोण्यांची भिंत रचून तांडा टाकीत. रेल्वे आली, पक्क्या सडका आल्या, आणि तो व्यापार बुडाला. तांडा जेथे होता तेथे रुजला. त्याच समाजातून आलेले पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका काळ या राज्याचे मुख्यमंत्री होते. तेव्हा फिरस्त्यांना जागा दिली तर काय होते, हे शोधण्यासाठी आपणास दूर जावयास नको.

हा प्रश्न केवळ भटक्या जमातींचा आहे असे मात्र समजू नये. मालमोटारीचा चालक हाही वाहनात राहणाराच माणूस. महिन्यातले बहुतेक दिवस त्याचे घर म्हणजे चालककक्षामागची हातभर रुंद फळी. आपल्या तालुक्यातले शेलूबाजार हे जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावरचे ठाणे. आता तेथे समृद्धी महामार्गही आला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. मार्ग देखणा आहे, यात वाद नाही. परंतु पहिला टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत इंधन, जेवण आणि विसावा यांची सोय तुटपुंजी होती, ही तक्रार सर्वांनीच केली. माणसाला तासन्‌तास गाडी हाकावयास लावणारा रस्ता आधी आणि झोपण्याची जागा मागून, असा हा क्रम. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री वैजापूरजवळ याच महामार्गावर सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस कडेला थांबविलेल्या मालमोटारीवर आदळली आणि १२ जण दगावले. ती मोटार परिवहन खात्याच्या लोकांनी थांबविली होती असा आरोप झाला, त्याचा निवाडा न्यायालय करील. भर वेगाच्या रस्त्याच्या कडेला रात्री उभे असलेले वाहन हा काय धोका असतो, हे सांगण्यास तेवढा प्रसंग पुरे आहे. झोपेने डोळे मिटू लागलेल्या चालकापुढे दोनच मार्ग उरतात: डुलक्या घेत गाडी हाकणे किंवा जागा नाही तेथे ती उभी करणे. पहिला मार्ग जिवावर बेततो. दुसऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याचे, योगायोगाने, पुन्हा १२२ वेच कलम आहे!

वास्तविक कायद्याने चालकांची आठवण ठेवली नव्हती असे नाही. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याच्या नवव्या कलमाने, कामगारांना जेथे रात्री मुक्काम करावा लागतो तेथे मालकाने विश्रांतीची जागा पुरविली पाहिजे असे सांगितले होते. पण तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू. आणि आपल्याकडे गाडीमालक म्हणजे बहुधा एका-दोन गाड्यांचा धनी, पुष्कळदा तोच चालकही. पुढे २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत तो जुना कायदा विलीन झाला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात १००० विश्रामस्थाने उभारण्याची घोषणा केली, तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि घोषणा राष्ट्रीय महामार्गापुरती. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे रासायनिक खताची पोती घेऊन निघालेला चालक रात्री अकराला कोठे थांबणार, याचे उत्तर तिच्यात नाही.

आणखी एका धोरणाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कारवान पर्यटनाचे धोरण मंजूर केले. बिछाना, स्वयंपाकघर, स्नानगृह यांनी सज्ज असलेल्या मोटारीतून पर्यटकाने हिंडावे, रात्री निसर्गरम्य स्थळी कारवान उद्यानात ती उभी करावी, तेथे त्याला पाणी, वीज, मलनिस्सारणाची सोय मिळावी, असे ते धोरण. कल्पना चांगली आहे, तिची टवाळी करण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न इतकाच: वाहनात राहणाऱ्या माणसाला रात्री सुरक्षित जागा, पाणी आणि शौचालय लागते, हे शासनास मान्य आहे, तर मग हौसेने राहणाऱ्याला जे मिळावयाचे ते नाइलाजाने राहणाऱ्याला का मिळू नये? एकाच ताडपत्रीखालचा संसार एका ठिकाणी पर्यटन ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोलीस ठाण्यात चौकशीचा विषय होतो.

कोणी म्हणेल, भटक्यांना घरे देऊन स्थिर करणे हाच उपाय नव्हे काय? शासनाची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना त्यासाठीच आहे. राष्ट्रीय पातळीवर बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने २०१८ साली अहवाल दिले, त्यांतही घराचा आणि जागेचा प्रश्न आहे. ज्यांना स्थिर व्हावयाचे आहे त्यांना घर मिळालेच पाहिजे, आणि ते मिळण्यास जी दिरंगाई होते ती लाजिरवाणी आहे. पण घर मिळाले म्हणजे हिंडणे थांबते असे नाही. घिसाड्याचे गिऱ्हाईक पन्नास गावांत विखुरलेले असते. ऊसतोड कामगाराला बीड जिल्ह्यात घर असते, तरी वर्षातील पाच-सहा महिने त्याची झोप कोपीत नाही तर गाडीखाली असते. पोटासाठी हिंडणे हा गुन्हा नाही आणि आजारही नाही. तो व्यवसायाचा भाग आहे, जसा तो विमा प्रतिनिधीच्या किंवा बदलीच्या नोकरदाराच्या व्यवसायाचा असतो. नोकरदाराला विश्रामगृह मिळते, इतकेच.

परदेशांत हा प्रश्न सुटला आहे असेही नाही. ब्रिटनने १९६८ साली जिप्सी लोकांच्या कारवानांसाठी तळ देण्याची सक्ती स्थानिक संस्थांवर केली आणि १९९४ साली ती काढून घेतली. अनधिकृत तळांवरून तेथे अजून तंटे होतात. फ्रान्सने ५ जुलै २००० च्या कायद्याने ५००० हून अधिक वस्तीच्या प्रत्येक गावाला अशा जागेची जबाबदारी वाटून दिली. तेथेही अनेक गावांनी टाळाटाळ केली, परंतु जागा देणे हे उपकार नसून कर्तव्य आहे एवढे तरी पुस्तकात लिहिले गेले. अमेरिकेत भाडे परवडत नाही म्हणून मोटारीत झोपणाऱ्या नोकरदारांची संख्या वाढली, तेव्हा कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा शहरात २००४ पासून चर्च आणि कचेऱ्यांची वाहनतळे रात्रीपुरती त्यांना मोकळी करण्याची पद्धत सुरू झाली. कचेरी सहाला बंद होते आणि दहाला उघडते, मधल्या वेळात तिची जागा रिकामीच असते. एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

तो हिशेब मंगरूळपीरला का मांडता येऊ नये? बाजार समितीचे आवार आहे. नगरपरिषदेच्या मोकळ्या जागा आहेत. अधिकाराचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे २२ वे कलम जिल्हाधिकाऱ्यांना शासकीय जमीन विशिष्ट प्रयोजनांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार देते, आणि त्या प्रयोजनांच्या यादीत गुरचरण, गावठाण, स्मशान, खळे, बाजार यांच्याबरोबर पडावाची जागा हेही प्रयोजन स्पष्ट शब्दांत आहे. मोटार वाहन कायद्याचे ११७ वे कलम वाहने उभी करण्याच्या जागा व थांबे ठरविण्याची तरतूद करते. म्हणजे नवा कायदा करावयास नको; जुन्या कायद्यातील जी कलमे माणसाला हुसकावण्यासाठी वापरली जातात, त्यांच्या शेजारचीच कलमे वाचावयाची आहेत. गायरानावर कोणास बसू देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला देऊन महसूल खाते सांगते. तो निकाल सामुदायिक जमिनी बळकावण्याविरुद्ध आहे. रीतसर राखून ठेवलेल्या जागेवर नोंद करून काढलेली रात्र म्हणजे बळकावणे नव्हे.

अडचणी आहेत आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. आज आला तो उद्या जाणार नाही, तळाची झोपडपट्टी होईल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून मुदत हवी, पंधरा रात्रींची म्हणा. गावात चोरी झाली तर पहिला संशय तळावर जाईल. तो आजही जातोच. पण तळावर नोंदवही असली, गाडीचा क्रमांक, कुटुंबातील माणसे, आल्याची तारीख तीत असली आणि तिची पावती कुटुंबाच्या हाती असली, तर पोलिसांचे काम सोपे होते आणि निरपराध माणसाला दाखविण्यासाठी एक कागद मिळतो. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागेल. ही वही सर्वांसाठी एक असावी. हार्वेस्टरवाला, मालमोटारीचा चालक, पर्यटक आणि नाथजोगी यांची नावे तीत एकाखाली एक यावीत. ती भटक्यांपुरती वेगळी ठेवली, तर १८७१ ची हजेरीच नव्या कव्हरात परत येईल.

शिक्षकांसाठी यात एक निराळा मुद्दा आहे. टेम्पोतल्या तीन मुलांना आठ दिवसांसाठी वर्गात बसवून काय उपयोग, असे पुष्कळांना वाटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे, आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय राज्यात आहे. पण पत्रक द्यावयाचे तर मूल आठ दिवस एका ठिकाणी असल्याची खात्री हवी. रात्री दहाला पोलिसांनी उठविले आणि गाडी कारंज्याच्या वाटेला लागली, तर सकाळी हजेरीपटावरच्या नावापुढे शिक्षक काय लिहिणार?

रामनवमीला पोहरादेवीस लाखोंच्या संख्येने भाविक येतात. त्यांच्या वाहनांसाठी तळ आखले जातात, टँकर लागतात, दिवे लागतात, फिरती शौचालये येतात, पोलीस मार्ग दाखवितात. ते सारे करणारे तहसीलदार, ग्रामसेवक आणि अभियंते याच जिल्ह्यातले आहेत, आणि त्यांना ते काम उत्तम येते. नगरपरिषदेच्या नव्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होईल. त्यात पाण्याची एक टाकी, चार शौचालये, दोन दिवे, मुरूम टाकलेली एकरभर जागा आणि एका रखवालदाराचा पगार एवढ्या पाच बाबी घालण्याचा ठराव मांडणारा एक सदस्य हवा आहे, आणि त्याला अनुमोदन देणारा दुसरा.